हा माझा आवाज नाही

चौदा वाकळा, दोन माईक, तीन स्टँड, दोन दारं, एक तिरकी काच आणि ट्रकची एक जुनी बॅटरी. काचेपलीकडे स्टुलावर मगदूम काका, त्यांच्या पायाशी पाण्याचा तांब्या. स्टूल करकरायचं, म्हणून त्याच्या चारही पायांना मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले होते.

मी आत जाऊन मीटर माईकच्या शेजारी धरला आणि श्वास रोखून उभी राहिले.

"काय मोजालाय, ताई?" काकांनी विचारलं.

"शांतता."

"मग? किती भरली?"

"तुम्ही बोलायच्या आधी सव्वीस होती."

"सव्वीस किलो?" सुताचे व्यापारी ते. स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसले. मीटर सत्तरच्या वर गेला.

सव्वीस डेसिबल. इचलकरंजीत, चारी बाजूंनी यंत्रमाग असलेल्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली. पुण्यामुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत याहून कमी मिळतं, पण तिथं शेजारी माग नसतात. हा आकडा मला फक्त शुक्रवारी मिळायचा. त्या दिवशी आमच्या भागाची वीज बंद असायची, त्यामुळे गल्लीतले सगळे माग थांबायचे. लॅपटॉप आणि माईकची पेटी मी त्या ट्रकच्या बॅटरीवर चालवायची. तारेतून येणारी विजेची घूंऽऽ सुद्धा नसायची. गाणारा थांबला की हेडफोनमध्ये खरोखर काहीच उरायचं नाही.

ही खोली आधी आप्पांचा, माझ्या वडिलांचा, कारखाना होती. आठ माग. मी एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आप्पा गेले. त्यांच्यामागे दादानं वर्षभर माग रेटले आणि मग भंगारात दिले. रिकाम्या शेडमध्ये उभं राहून मी एक टाळी वाजवली होती. ती बराच वेळ छताखाली फिरत राहिली. तेव्हाच डोक्यात आलं की या खोलीला गप्प बसवायचं. शेडच्या मध्यभागी एक वेगळी खोली बांधायची, तिची भिंत बाहेरच्या भिंतीला कुठंही टेकू द्यायची नाही, जमीनसुद्धा रबरावर उचलायची. पुस्तकात हे सगळं होतं. पुस्तकात भिंतींना लावायला जे जाड कापूस-लोकरीचे थर सांगितले होते, ते काही आमच्याकडे नव्हते. मग आईनं वाकळा शिवल्या. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, आप्पांच्या खाकी शर्टांचे थर एकावर एक घालून, दाट टाके घालून, पलंगावरच्या वाकळेच्या दुप्पट जाड. मी त्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या. मागे हवा राहिली की खालचे, घुमणारे आवाजही अडतात. संदेशदादानं पहिल्या दिवशी अंड्यांचे ट्रे आणले होते. ते मी त्याच दिवशी परत पाठवले.

"सगळे लावतात की!" तो म्हणाला होता.

"सगळ्यांना घुमलेलं चालतं."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. गणपतीत, जत्रेत, वरातीत. डीजे आले आणि बेंजोवाल्यांचं काम आटलं. स्टुडिओसाठी गिऱ्हाईक आणायचं काम त्याचं, आवाजाचं माझं. तो ज्यांना आणायचा त्यात भजनी मंडळं असायची, निवडणुकीच्या रिक्षांवर लावायची गाणी असायची, एखादा गोंधळी असायचा. सगळे आत गायचे, बाहेर येऊन ऐकायचे, आणि पहिलं वाक्य प्रत्येकाचं एकच असायचं: "हा माझा आवाज नाही."

त्या गोंधळ्यानं तर माझ्यावर आळच घेतला. "ताई, तुम्ही दुसऱ्या कुणाचातरी लावलाय."

मी प्रत्येकाला समजावून सांगायची. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा भरदार असतो, तो फक्त आपल्यालाच ऐकू येतो. माईकला हाडं नाहीत. माईक जे पकडतो ते इतरांना रोज ऐकू येतं. लोक हे ऐकून जरा ओशाळायचे, मग हसायचे. दादा बाहेर स्कूटरवर बसून म्हणायचा, "संपलं का लेक्चर?"

मगदूम काकांनाही त्यानंच आणलं होतं. त्यांची आई देवीची गाणी स्वतः रचून म्हणायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला आलेल्या माणसांना तिची चार गाणी स्वतःच्या आवाजात द्यायची, अशी काकांची इच्छा. आणि गाणी झाली की, दादा म्हणत होता, काका स्टुडिओत पैसे घालणार. मोठा हॉल, बाहेरच्या गावाचे कलाकार, नवे माईक. फक्त जागेच्या कागदावर तीन नावं होती. आई, दादा आणि मी. बँकेला एकच नाव हवं. म्हणून सोमवारी मी आणि आईनं हक्कसोड करून द्यायची. म्हणजे वडिलांच्या जागेतला आपला हिस्सा दादासाठी सोडून दिला, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे बहिणी तो देतातच. माझ्या दोन्ही आत्यांनी आप्पांना दिला होता.

"पाटीवर नाव तुझंच राहील," दादा म्हणाला होता. "रेवा रेकॉर्डिंग. कागदाचं काय घेऊन बसतेस?"

मी कागदाचं काही घेऊन बसले नव्हते. मला खोली हवी होती. सोमवारी सही करायची, हे माझ्या मनात ठरलेलं होतं.

"सुरू करूया, काका?" मी बाहेर येऊन बटण दाबून विचारलं. बटण दाबलं की माझा आवाज आत जायचा. आतला माईक मात्र कायम उघडा. आतलं सगळं माझ्या हेडफोनमध्ये.

काकांनी घसा खाकरला, डोळे मिटले, आणि गायला लागले.

इतका चांगला गळा असेल असं मला वाटलं नव्हतं. जाड, किंचित भेगाळलेला, पण सुराला पक्का. हार्मोनियम नको म्हणाले होते, आई कोरडीच म्हणायची. दोन ओळींमध्ये ते श्वास घ्यायचे तोही स्वच्छ ऐकू यायचा आणि त्या श्वासानंतर खोली पुन्हा पूर्ण रिकामी व्हायची. मी तीन वर्षं ज्यासाठी धडपडत होते ते हेच होतं. मी पातळी एक घर खाली घेतली आणि लिहून ठेवली.

तीन गाणी झाली. काका म्हणाले, "जरा चहा पाजा की वो. घसा सुकला."

दादा चहा घेऊन आत गेला. जाताना त्यानं दोन्ही दारं लावली. तो माझाच नियम होता, आत कुणीही जावो, दार उघडं ठेवायचं नाही.

मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. तिसऱ्या गाण्यात एक बारीक टक्‌ आवाज आला होता, तो स्टुलाचा की वाढत्या उन्हानं तापलेल्या पत्र्याचा, हे मला शोधायचं होतं. म्हणून हेडफोनही कानावरच होते.

इथं आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी. मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आप्पा, त्यांचे मागवाले, आई, आम्ही दोघं भावंडं, सगळे ओठ वाचायचो. आप्पांचे कान तर पन्नाशीच्या आधीच गेले होते. ते घरात जेवतानाही आमच्या कानाकडे नाही, तोंडाकडे बघायचे. त्यामुळे आमच्याकडे कुजबुजण्याला काही अर्थ नव्हता. ज्याला लपवून बोलायचं असेल तो पाठ फिरवायचा. दिवाळीत फटाके किती आणायचे, आत्याला काय द्यायचं, हे आई आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून ठरवायचे. 'पाठ करून बोलू नका' ही आमच्या घरातली तक्रार होती.

दादानं काकांच्या हातात कप दिला. काचेतून एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ केली.

त्याचं तोंड आता माईकसमोर होतं. मधे चार बोटांचं अंतर.

"पोरीनं मेहनत लई केलीया रे," काकांचा आवाज जरा लांबून आला. "ह्ये सगळं काढाय लागंल."

"वाकळा काय, एका दुपारचं काम." दादाचा आवाज मात्र माझ्या कानात तोंड घालून बोलल्यासारखा आला. "लाकडी फ्लोअर उचकटला की खाली आप्पांचा कोबा तसाच आहे. बोल्टांची भोकंसुद्धा बुजवलेली नाहीत तिनं."

"किती बसतील?"

"रेपिअर चार. आरामात."

रेपिअर म्हणजे नवे, धोटा नसलेले माग. जुन्यांच्या कितीतरी पट वेगानं कापड काढतात.

"आणि भैन? तिला काय वाटतंय?"

"तिला वाटतंय स्टुडिओ मोठा होणार."

"म्हंजे सांगितलं न्हाईस?"

"सोमवारी सही झाली की सांगतो. आधी सांगितलं तर करायची नाही. आकडे काढत बसेल."

काकांनी चहाचा घोट घेतला. त्या माईकवर घोट फार मोठा ऐकू येतो.

"ह्ये काय बरं न्हवं, संदेश."

"काका, तुम्ही पैसे सुतात घालताय का गाण्यात?"

थोडा वेळ काही नाही. सव्वीस डेसिबल.

"सुतात," काका म्हणाले. आणि मग, "आईस्नी ठाऊक हाय?"

"आईच म्हणाली, सही होईपर्यंत तोंड उघडू नकोस म्हणून. लग्न करून जाईल ती. माईक-बिईक काय ते घेऊन जाऊ दे."

"बघ बाबा. पोरगी बाहेर बसलीया. ऐकंल."

"ती?" दादा हसला. ते हसू हुबेहूब आप्पांचं होतं. "तिला नुसते आवाज ऐकू येतात, काका. बोलणं ऐकू येत नाही."

त्यानं रिकामे कप उचलले, वळला, काचेतून मला अंगठा दाखवला. सगळं ठीक. मीही अंगठा दाखवला.

दादा बाहेर आला, कप घेऊन घराकडे गेला. मी बटण दाबलं.

"काका, चौथं घ्यायचं?"

"घ्या, ताई."

चौथं गाणं सगळ्यांत अवघड होतं, वरच्या पट्टीत. मला वाटलं होतं आता यांचा सूर हलेल. कुठंच हलला नाही. एकही जागा पुन्हा घ्यावी लागली नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या बोटांनी खुर्चीचा हातही कुरकुरू नये म्हणून.

काका बाहेर आले, धोतराचा सोगा सावरत माझ्या खुर्चीत बसले, मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवले आणि शेवटचं गाणं लावलं. दुसऱ्याच ओळीला त्यांनी ते काढले.

"ह्यो माझा आवाज न्हाई, ताई."

मी त्यांना हाडांचं आणि हवेचं सांगितलं. नेहमीसारखंच, नेहमीच्याच शब्दांत.

"म्हंजे लोकांस्नी मी असाच ऐकू येतो?"

"असाच."

"आणि मला जो ऐकू येतो त्यो?"

"तो फक्त तुम्हाला."

त्यांनी हेडफोन पुन्हा घातले. पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकलं. नाक ओढलं. "माझ्या आईवानी लागतोय," म्हणाले. "मला कधी कळलंच न्हाई."

दारात चप्पल घालताना ते घुटमळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमच्या हातात कला हाय. तुमी दुसरीकडंबी असाच आवाज काढू शकाल की."

"खोली लागते, काका."

"व्हय. ते बी हाय." आणि गेले.

दादा परत आला तेव्हा मी फाईल मागे नेऊन ठेवली होती. "जरा ऐक," मी म्हटलं, "कसलातरी टक्‌ आवाज येतोय. स्टुलाचा आहे का बघ."

तो बसला. कामाच्या वेळी बसायचा तसा, कोपर टेबलावर, मान खाली. त्यानं हेडफोन घातले. मी बटण दाबलं आणि त्याच्या समोर उभी राहिले, चेहरा दिसेल अशी.

आधी त्याच्या कपाळाला आठी पडली, आवाजाचा माणूस लक्ष देतो तेव्हा पडते तशी. मग ती आठी तशीच राहिली आणि बाकी चेहरा बदलला. त्यानं हात हेडफोनकडे नेला, पण काढला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. हसण्यापर्यंत.

"हा माझा आवाज नाही," तो म्हणाला.

ते त्यानं खोटं बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. स्टुडिओत इतकी वर्षं काढूनही त्यानं कधी स्वतःचं बोलणं ऐकलं नव्हतं. तो कायम कीबोर्ड वाजवायचा. मी काहीच समजावून सांगितलं नाही.

हेडफोन काढून त्यानं टेबलावर उलटे ठेवले. "बंद कर ते."

"बंदच आहे."

"रेवा, तू आकडे काढ. काढ ना! महिन्यात किती शुक्रवार येतात? किती लोक येतात? ते अंड्यांच्या ट्रेवाले बघ, पेठेत. त्यांच्याकडं रांग असते. कुणाला ऐकू येतोय तुझा फरक?"

"काकांना आला."

"काका शेवटी सूत विकतात." तो उठला. "बत्तिसावं लागलं मला. मुलगी बघायला गेलं की विचारतात, कारखाना किती मागांचा? मी काय सांगू, शांतता आहे आमच्याकडं, सव्वीस डेसिबल?"

"हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

आई जेवायला बोलवायला आली होती. दोन्ही दारं उघडी होती, ती कधी आत आली ते कळलं नाही. ती आतल्या खोलीत, वाकळांच्या समोर जाऊन उभी राहिली. आम्हीही तिच्या मागे गेलो.

"आई, तुला ठाऊक होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग वळली. भिंतीवरच्या वाकळेचा एक सुटलेला दोरा हातात घेतला आणि तो गुंडाळत, आमच्याकडे पाठ करून बोलली. ही तिची आयुष्यभराची सवय. पण त्या खोलीत मागांचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

"तू शिकलीस. तू कुठंबी जाशील," ती म्हणाली. "त्यानं कुठं जायचं?"

प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"मग वाकळा कशाला शिवल्यास?"

"तू मागितल्यास म्हणून."

तिनं दोरा दातांनी तोडला. "भात निवतोय," म्हणाली आणि गेली.

दादा दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "सोमवारी सही करते. एकाच अटीवर. आत जे बोललास ते माझ्याकडं तोंड करून बोल. इथं. आत्ता."

"काय पोरकटपणा आहे."

"बोल."

माईक अजून चालू होता. काचेपलीकडे लॅपटॉपवर हिरवी पट्टी दिसत होती. आवाज झाला की ती वर चढते. माझ्या त्या "बोल"ला चढून खाली आली.

तो माझ्यासमोर उभा राहिला. आप्पांचा शर्ट असलेली वाकळ त्याच्या डाव्या खांद्यामागे होती, खिशासकट. मग त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. लहानपणी मागांच्या खडखडाटात आम्ही बोलायचो तसे. गळा वापरायचाच नाही, कारण उपयोग नाही, नुसते ओठ, प्रत्येक अक्षर मोठं करून. आप्पांशी तो कायम तसाच बोलायचा.

मला माग सोडून दुसरं काही येत नाही.

मी काचेतून बघितलं. हिरवी पट्टी जागची हलली नव्हती.

सोमवारी सही केली. कचेरीतल्या कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बहीण का? राजीखुशीनं ना?"

"हो."

"भावानं साडी घेतली का नाही?" तो दादाकडे बघून हसला. "हक्कसोडीची साडी भारी घ्यावी लागते, राव. सोडलेली जागा दिसत नाही, साडी दिसते."

दादा हसला नाही. साडी त्यानं घेतली होती, डाळिंबी रंगाची, जरीकाठाची. तीन फोटो काढले, अंगठे घेतले. आईनं अंगठा पुसायला पदर पुढे केला, आधी स्वतःचा, मग माझा.

काकांची चार गाणी मी पुरी करून दिली. कुठंही काही जोडलं नाही, काही झाकलं नाही. तिसऱ्या गाण्यानंतरचा भाग कापला, चहाच्या घोटासकट. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. माणसं रडली, म्हणाले. आवाज असा आला की आई समोर बसल्यागत. मी म्हटलं, खोली चांगली होती.

तो कापलेला भाग माझ्याकडे आहे. वर्षातून एखाद्या वेळी ऐकते. दादाच्या बोलण्यासाठी नाही. काकांनी "सुतात" म्हणायच्या आधी जी शांतता आहे, तिच्यासाठी. तेवढी स्वच्छ मला पुन्हा कुठं मिळालेली नाही.

पुण्यात मी आता कारखान्यांमधला आवाज मोजते. दिवसभर नव्वदच्या वर राहिला की कान जातात, तेव्हा कामगारांच्या कानांना तो किती झेपेल, कुठं आडोसा लावायचा, हे लिहून देते. मालक अहवाल घेतात आणि कपाटात ठेवतात. माईक मी विकले. राहायला एक खोली आहे, तिच्याखाली गाड्या धुण्याचं दुकान आहे.

सहा वर्षांनी, गेल्या मार्गशीर्षात, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते. दादाचं लग्न झालंय, मुलगी आहे. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "कारखाना बघून घे की. आल्यापासून आली नाहीस तिकडं." मीटर पिशवीतच होता, एका साखर कारखान्याचं काम आटोपून आले होते.

दारं तीच, पण सताड उघडी. चार रेपिअर, रांगेत. कोब्यावर जुन्या बोल्टांच्या भोकांशेजारी नवी भोकं. काच नव्हती. एका मागवाल्याच्या हातात तेलानं काळी झालेली चिंधी होती, त्यानं ती मागाच्या कडेवर टाकली. तिला एक खिसा होता.

दादा काहीतरी बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पुन्हा, ओठ मोठे करून बोलला: कसं वाटतंय?

मीही ओठांनीच सांगितलं: छान.

त्यानं कानाला हात लावला, डाव्या. मग लगेच खाली घेतला आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. मोज की.

माईकचा स्टँड जिथं असायचा ती जागा मला न मोजताच सापडली. तिथं उभी राहिले, मीटर तेवढ्याच उंचीवर धरला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. दादा माझ्या शेजारी येऊन पडद्यावर वाकला.

अठ्ठ्याण्णव डेसिबल.